त्रेचाळीस चतकोर

मित्रांनो, मला पाहून कोणाला वाटतं ही कानातले ठेवायची डबी, तर कोणाला वाटतं पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र. एका पाहुण्याने तर मला मोडकं खेळणं समजून कचऱ्यात टाकायला काढलं होतं. मी रागावले नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. तेव्हा आधीच सांगून टाकते. तळहातात मावणारी, गोळ्या कापायची एक जुनी डबी, ती मी. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पातं आहे आणि तळाशी रबराची खाच. खाचेत गोळी ठेवायची, झाकण दाबायचं, की गोळीचे दोन सारखे भाग होतात. मला एवढं एकच काम येतं, पण ते मी मन लावून करते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. झाकण साच्यातून निघालं, पातं शेजारच्या खोलीत घासलं गेलं आणि एका टेबलावर आमची गाठ पडली. त्या टेबलाशी तपासणीची बाई बसायची. ती प्रत्येक डबीत खडूची गोळी ठेवून कापायची आणि दोन्ही तुकडे नाजूक काट्यावर तोलायची. तुकड्यांत फरक आला की डबी सरळ टोपलीत. माझ्या शेजारच्या दोघी टोपलीत गेल्या. माझे तुकडे तिने दोनदा तोलले, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. त्या दिवसापासून मला समान वाटणीचा जरा गर्वच झाला. पुढे तोच मला नडला.

काही महिने मी एका औषधाच्या दुकानात खिळ्याला लटकून होते. मग एका सकाळी खाकी कपड्यांतला एक माणूस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. तो शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. दुकानदाराने गोळ्यांची पाकिटं काढली, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला की यात अर्ध्या गोळ्या आहेत, सुरीने कापाल तर भुगा कराल. मग त्याने मला खिळ्यावरून काढलं.

गोळ्या ड्रायव्हरच्या बायकोसाठी होत्या. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. पण ती शाळेत शिकवत नव्हती. शिवणकामाच्या दुकानात माप घेऊन कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या दुकानात ते काम ती करायची. लांबलचक टेबलावर कापड पसरून, खडूने खुणा करून ती अशी कात्री चालवायची की चिंधी म्हणून उरायची ती बोटाएवढी. गिऱ्हाईक जाड झालं, बारीक झालं, तरी तिने बेतलेला कपडा अंगाला नाही म्हणायचा नाही.

मी घरात येण्याआधीचं वर्ष त्या घराला फार जड गेलं होतं. बाई खंगत चालली होती. बोटांची पेरं आणि हिरड्या काळवंडल्या होत्या. टेबलापासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती येता-जाता तळहातावर मीठ घेऊन चाटायची आणि सासूबाई तिला त्यावरून चिडवायच्या. कोणी म्हणालं अशक्तपणा, कोणी म्हणालं काळजी, कोणी म्हणालं नजर लागली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सकाळच्या वेळी रक्त तपासलं आणि दुखणं सापडलं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. त्या रोज एक रस तयार करतात. आजारपण, धावपळ, धसका, हे सगळं शरीर त्या रसाच्या बळावर सोसतं. बाईच्या ग्रंथींनी काम सोडलं होतं. तेव्हा तो रस आता गोळीतून घ्यायचा, रोज आणि जन्मभर. सकाळी एक गोळी, दुपारी अर्धी, संध्याकाळी अर्धी. सोबत दुसरीही एक बारीक गोळी होती, पण ती अख्खी घ्यायची असल्यामुळे तिची माझी ओळख झाली नाही.

आठ-दहा दिवसांत बाई उभी राहिली. महिन्याभरात कात्री पहिल्यासारखी चालू लागली. मला शिवणयंत्राच्या खणात, दोऱ्याच्या रिळांशेजारी जागा मिळाली. सासूबाईंची रक्तदाबाची गोळीही अर्धीच होती, तीही मीच कापू लागले. सासूबाईंचं आयुष्य हाताने काजं आणि बटणं करण्यात गेलं होतं. आता मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नसे, पण बोटं शाबूत होती. माझे दोन तुकडे चिमटीत धरून त्या म्हणायच्या की घरातल्या वाटण्या हिच्याकडेच दिल्या असत्या तर भावाभावांत भांडणं झाली नसती. मला फार बरं वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद लिहून दिला होता. तो ड्रायव्हरने कपाटाच्या दाराला चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी होत्या. गोळी एक दिवसही बंद करायची नाही. ताप आला तर गोळ्या दुप्पट. उलट्या होऊ लागल्या तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं, कारण पोटात गोळी टिकणार नाही आणि मग इंजेक्शनच लागेल. सगळ्यांनी तो कागद वाचला आणि मग रोज दिसणाऱ्या वस्तूकडे जसं दुर्लक्ष होतं, तसं त्याच्याकडेही झालं.

असं वर्ष गेलं. मग एक गिऱ्हाईक बाई माप द्यायला दुकानात आली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती मास्तरीणबाईच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली की गाल वर आलेत, कसलं औषध चालू आहे? बाईने गोळीचं नाव सांगितलं. ते ऐकून ती म्हणाली, अगोबाई, हे तर स्टिरॉइड, याने हाडं भुसभुशीत होतात, माणूस फुगतो आणि मग ते सुटत नाही.

गाल वर आले होते ते खरं. पण आदल्या वर्षी ते पार बसले होते, आणि आता भरून आले होते एवढंच. शिवाय जास्तीचं स्टिरॉइड घेणं वेगळं आणि शरीरात जे नाहीच ते तेवढ्यापुरतं भरून काढणं वेगळं. हे डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगितलं होतं. पण मनात एकदा पाल चुकचुकली की दहा वेळा सांगितलेलंही आठवत नाही. बाई त्या दिवशी घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभी राहिली.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते.

शिवणकामात एक युक्ती असते. झगा सैल झाला तर एकदम चार बोटं आत घ्यायचा नाही. या आठवड्यात अर्धं बोट, पुढच्या आठवड्यात अर्धं बोट. घालणाऱ्याला कळतही नाही आणि कपडा हवा तिथे येतो. बाईने ही युक्ती शेकडो कपड्यांवर केली होती. तिने ठरवलं की गोळीही अशीच आत घ्यायची. अंगाला कळू न देता, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू होईपर्यंत ती सोडूनच द्यायची. नवऱ्याला सांगितलं तर तो कागदाकडे बोट दाखवणार, म्हणून ती कोणाला काहीच बोलली नाही.

एका संध्याकाळी तिने अर्धी गोळी पुन्हा माझ्या खाचेत ठेवली. मी कापली. भाकरीच्या चतकोरासारखे दोन नेटके तुकडे पडले. एक तिने घेतला, दुसरा बटणांच्या डब्यात टाकला. तेरा दिवस हे चाललं. मग दुपारच्या अर्ध्या गोळीचाही चतकोर झाला. आणखी दहा दिवसांनी सकाळच्या अख्ख्या गोळीतला एक चतकोर बाजूला पडू लागला. आणि मी काय करत होते? मला अभिमान वाटत होता. अर्ध्याचे दोन करणं सोपं नाही, बहुतेक डब्यांत भुगा होतो. माझे चतकोर जुळ्यांसारखे निघत होते. कशासाठी कापतोय हे पात्याने कधी विचारलं आहे का? मीही विचारलं नाही.

शाळेला सुट्टी लागली होती. दुकानात गणवेशांचे ढीग पडले होते, आणि ड्रायव्हर मात्र घरी होता, त्याची पिवळी बस दारासमोर उभी. तो रोज सकाळी बाईला पाण्याचा पेला द्यायचा, ती मूठ तोंडाशी न्यायची आणि पाणी प्यायची. मुठीत किती आहे ते त्याला कसं दिसणार? सासूबाई तेवढ्या दोनदा म्हणाल्या की सूनबाई पुन्हा मीठ चाटायला लागली. बाईने ते हसण्यावारी नेलं.

सकाळच्या गोळीला हात लावल्याचा चौथाच दिवस होता. त्या दुपारी बाई दुकानातून लवकर परतली. अंग तापलं होतं. ड्रायव्हरने ताप पाहिला तर एकशे दोन. तो लगेच कपाटापाशी गेला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला की ताप आला तर दुप्पट. बाई म्हणाली की घेते दुप्पट. आणि तिने खरोखरच दुप्पट घेतली. पण कशाची दुप्पट? गेले कित्येक दिवस दुपारी ती चतकोर घेत होती, म्हणून आता अर्धी घेतली. संध्याकाळीही तसंच. म्हणजे डॉक्टरांनी साध्या दिवसासाठी जेवढं सांगितलं होतं, तेवढ्यावर ती जेमतेम आली होती. ती मापात वाकबगार बाई, पण मोजायला सुरुवातच तिने चुकीच्या खुणेपासून केली.

माझ्या पोटात आदल्या संध्याकाळचा एक आणि त्या सकाळचा एक असे दोन चतकोर पडून होते, बटणांच्या डब्यात न्यायचे राहिलेले. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी घेतली आणि लगेच ती गोळी उलटीतून बाहेर पडली. पुन्हा उलटी झाली. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, हाक मारली तर नुसतं हं म्हणायची. ड्रायव्हर पुन्हा कागदापाशी जाऊन उभा राहिला. उलट्या झाल्या तर हॉस्पिटल, हे त्याने वाचलं. पण त्याला वाटलं, कालपासून दुप्पट गोळी पोटात गेली आहे, तेवढा आधार आहेच. हे कालचं जेवण बाधलं असेल. तासभर झोपू दे, मग बघू.

सासूबाई आपली गोळी कापायला खणाशी आल्या. त्यांनी मला उघडलं, खाच साफ करायला बोट फिरवलं आणि बोट थबकलं. त्यांनी एक तुकडा चिमटीत घेतला. मग दुसरा. काजाच्या टाक्याएवढा फरक ओळखणारी बोटं ती. त्यांनी मुलाला हाक मारली.

"हे चतकोर कोणाचे रे? माझी तर अर्धी असते."

ड्रायव्हर म्हणाला की तुटले असतील. सासूबाईंनी मान हलवली. त्यांनी खण चाचपला, बटणांचा डबा ओढला आणि बटणांतून हात फिरवला. बटणाला भोकं असतात. याला नव्हती. त्यांनी एकेक वेचून टेबलावर मांडायला सुरुवात केली. माझ्या पोटातले दोन धरून त्रेचाळीस झाले.

मग त्या मुलाला अगदी हळू म्हणाल्या, "तिने औषध घेतलंच नाहीये. ऊठ, बस काढ."

रिकाम्या शाळेच्या बसमध्ये सगळ्यांत मागच्या लांब बाकावर बाईला निजवलं. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. एका हातात मी होते, दुसऱ्यात बटणांचा डबा. एरवी पोरांच्या गलक्याने भरलेली ती बस इतकी गप्प होती की बाईचा श्वास मला ऐकू येत होता. तो फार उथळ होता. ड्रायव्हर पंचवीस वर्षं बस सावकाश चालवत आला होता, आणि त्या दिवशीही त्याने गाडी सांभाळूनच चालवली.

हॉस्पिटलात ताबडतोब पाहायला आलेला डॉक्टर वयाने तरुण होता. त्याने विचारलं की काय झालं. ड्रायव्हर ताप, उलट्या असं सांगू लागला. सासूबाईंनी त्याला बाजूला सारलं, मला आणि डब्याला डॉक्टरच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "हिच्या अंगात तो रस तयार होत नाही. ती गोळीवर आहे. आणि एवढी गोळी तिने घेतलेली नाही."

त्याने डब्यात एकदाच पाहिलं. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. रक्तदाब यंत्रावर धड लागत नव्हता. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. तिथून मला बाईचा हात दिसत होता. खडूने पांढरी झालेली ती बोटं मी रोज पाहत होते. मला समान तुकड्यांचा गर्व होता ना? त्या कट्ट्यावर तो सगळा उतरला. दुपार कलल्यावर ती बोटं हलली आणि बाईने पाणी मागितलं. ड्रायव्हर बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई आल्या. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं की असं का केलंत. बाईने गालांचं सांगितलं, हाडांचं सांगितलं, कपडा आत घेण्याच्या युक्तीचंही सांगितलं. "वाटलं, हळूहळू केलं की अंगाला कळणार नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कोणी आलं, छाती चाळीस आहे, आणि म्हणालं छत्तीसचा शिवा, हळूहळू बसेल. तर?"

"उसवेल," बाई म्हणाली. आणि ती रडू लागली.

त्या पुढे म्हणाल्या की गोळी कमी करावीशी वाटली तर या, आपण तपासू, कधी कधी थोडी कमी करतोही. हाडांची तपासणीही करू. पण माप अंगावरून घ्यायचं, लोकांच्या बोलण्यावरून नाही. निघताना त्यांनी ड्रायव्हरला घरी ठेवण्यासाठी एक इंजेक्शन लिहून दिलं आणि ते कसं टोचायचं ते शिकून घ्यायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या की सुई धरायची असेल तर मलाच शिकवा, याचा हात थरथरतो. त्या दिवशी तिथे पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर बाईला तीन-चारदा ताप आला. पहिल्या वेळी मी खणात घाबरून बसले होते. तिने खण उघडला, माझ्यावर हात ठेवला आणि मला तशीच बाजूला सारून पाकिटातून अख्ख्या गोळ्या काढल्या. नवऱ्यासमोर हात उघडा धरून तिने त्या मोजून घेतल्या. त्या दिवशी कोणी मला उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस होता.

आता मी म्हातारी झाले आहे. पात्याची धार बोथट झाली आहे. गेल्या काही महिन्यांपासून माझे तुकडे सारखे येत नाहीत. एक मोठा, एक लहान, आणि खाचेत पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे बाईच्या अंगात जायला हवं होतं ते औषध. कोणाच्याही मनात नसताना पुन्हा तिचं माप कमी पडू लागलं. पण बाईचा माझ्यावर जीव. ती म्हणायची की या डबीमुळे मी वाचले, चालतंय अजून, राहू दे. सासूबाईंचे डोळे आता शस्त्रक्रियेनंतर स्वच्छ झाले आहेत. त्यांनी ती भुकटी पाहिली आणि विचारलं, "धार गेलेली कात्री तू दुकानात ठेवशील का?" आणि आज सकाळी ड्रायव्हरने नवी डबी आणली आहे. तिचे तुकडे मी पाहिले. चांगले पडतात. मला हेवा वाटला, पण त्याहून सुटल्यासारखं जास्त वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझी धार गेली, मला खुशाल टाकून द्या. पण तुमच्या घरात आई असेल, आजोबा असतील, काका असतील, जे रोज एखाद्या गोळीवर उभे आहेत. ते सगळ्यांसमोर पाणी पितात आणि पेला खाली ठेवतात. त्यांच्या मनात कोणी काय भरवलं आहे, कसली भीती बसली आहे, ते पेल्यात दिसत नाही. त्यांच्यावर पाळत ठेवू नका, त्यांना उपदेशही करू नका. नुसतं शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "पुरी घेतलीस ना?"